अर्धवट विणकामांच्या पिशव्या: आधी काय पुरं करू, काय उसवू?

लोकरगुंता

नमस्कार. यंदा नवीन लोकर घेण्याआधी घरात पडून असलेली विणकामं हातावेगळी करायची, असं ठरवलंय. यात स्वेटर एकही नाही. सगळ्या छोट्या वस्तू आहेत, नेट लावला तर चार-दोन बैठकांत व्हाव्यात अशा. तरीही पडून आहेत. सगळं एकदा मांडते, म्हणजे तुम्हाला नेमकं सांगता येईल.

मोजे. 64 टाके, 2.5 मिमीच्या सुया. एक मोजा पंजाच्या टोकापर्यंत आलाय. आता पुढचे आणि मागचे टाके शिवणसुईने जोडायचे, तिथे थांबलाय. दुसऱ्याचा पत्ता नाही.

बिनबोटांचे हातमोजे. एक पूर्ण. दुसरा मनगटावर थोडासा आलाय. पूर्ण म्हटलेल्याचाही अंगठा राहिलाय, 15 टाके वेगळ्या दोऱ्यावर ओवून ठेवलेत. सुया काढून दुसरीकडे वापरल्या गेल्या. पॅटर्नच्या जुन्या कागदावर नुसतं ‘8 नंबर’ लिहिलंय.

वेण्यांची टोपी. सहा टाक्यांच्या वेण्या, दर सहा ओळींनी वळण. त्यातली एक वेणी एका जागी उलट्या दिशेला वळलीय आणि तिच्यावर 14 ओळी विणून झाल्यात. एकदा दिसली की तेवढीच दिसत राहते.

जाळीचा तिकोनी स्कार्फ, मानेपासून खाली वाढत जाणारा. मोहेर मिसळलेली बारीक लोकर. नक्षीच्या कितव्या ओळीवर आहे ते कुठेच लिहिलेलं नाही. मधल्या टाक्याच्या एका बाजूला 83 टाके, दुसऱ्या बाजूला 82.

मफलर. 40 टाके, एक सुलट एक उलट, अथपासून इतिपर्यंत तेच. गुंडा संपला, नंतर आणलेला दुसऱ्या लॉटचा निघाला, रंगात किंचित फरक आहे.

आणि गळ्याभोवती घालायची गोल पट्टी, दोन रंगी पट्ट्यांची. ती विणून झालीय! फक्त प्रत्येक पट्टीचे दोरे आतून लोंबताहेत.

क्रम कसा लावू? यातलं काय सरळ उसवून टाकावं? आणि त्या हरवलेल्या सुईचं काय?

एकावेळीएक

माझा नियम साधा आहे. एक काम सुईवर असताना दुसरं घालायचं नाही. सगळ्यात कमी उरलंय ते आधी. म्हणजे तुमची ती गोल पट्टी. आज रात्री दोरे ओवा, उद्या घाला. एक वस्तू झाली की पुढचीला हुरूप येतो. रोज अर्धा तास घड्याळ लावून बसायचं, बास.

उलटसुलट

मला हे पटत नाही, म्हणून जरा लांब लिहिते.

तुझी यादी परत वाच. प्रत्येक काम कुठे थांबलंय? मोजा टोकाशी, हातमोजा अंगठ्याशी, टोपी चुकलेल्या वेणीवर, स्कार्फ एका हरवलेल्या टाक्यावर, मफलर नव्या गुंड्यापाशी. साध्या सुलट ओळींच्या मधोमध एकही थांबलेलं नाही. आळसाने कामं थांबली असती तर कुठेही थांबली असती. ही थांबलीत ती नेमक्या अडणीच्या जागी. अशा जागेसमोर रोज अर्धा तास घड्याळ लावून बसलं तर अर्धा तास तिच्याकडे बघण्यात जातो आणि पिशवी परत कपाटात. नव्या वर्षाचे संकल्प इथे काही कामाचे नाहीत. अडलेली जागा कशी ओलांडायची ते एकदा कळलं की उरलेलं विणणं तू टीव्ही बघता बघता करशील.

म्हणून ‘किती उरलंय’ हा क्रम लावू नकोस. लोंबते दोरे तर सगळ्यात शेवटी. तो उद्योग कुणाशी तरी गप्पा मारत करायचा असतो. एकटीने, संकल्प म्हणून, वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात दोरे ओवायला बसलीस तर विणकामाचाच कंटाळा येईल.

आधी हातमोजे घे. कारण सांगते. जोडीतली पहिली वस्तू पडून राहते तेव्हा हात बदलतो. कुणाचा सैल होतो, कुणाचा आवळ. जितका उशीर तितकी दुसरी वस्तू वेगळ्या मापाची होण्याची भीती जास्त. टोपी एकटी असते, ती थांबेल.

आता सुई. ‘8 नंबर’वर विसंबू नकोस. जुन्या ब्रिटिश मापात 8 नंबर म्हणजे 4 मिमी, अमेरिकन मापात 8 नंबर म्हणजे 5 मिमी. वर ब्रिटिश आकडा वाढतो तशी सुई बारीक होत जाते आणि अमेरिकन आकडा वाढतो तशी जाड. कागद कुठला आहे हे माहीत नसेल तर आकड्याला काही अर्थ नाही. त्यापेक्षा विणून झालेल्या हातमोज्याला विचार. तो सपाट ठेव, ओढू नको, आणि साध्या सुलट भागात, काठापासून दूर, पट्टी आडवी ठेवून टाके मोज. हातमोजा तेवढा रुंद नसणार, तर 5 सेमीतले मोजून दुप्पट कर, अर्धा टाका आला तर तोही धर. 10 सेमीमध्ये 22 च्या आसपास आले तर 4 मिमी असणार, 18 च्या आसपास आले तर 5. मग त्या सुईवर दुसऱ्या हातमोज्याचे चार-पाच फेरे विण आणि तेच माप परत घे. टाके कमी भरले तर हात सैल झालाय, पाव किंवा अर्धा मिमी बारीक सुई घे. जास्त भरले तर उलट. सुईवर छापलेला आकडा जुळला नाही तरी चालेल, टाके जुळले पाहिजेत.

ओळी मोजायलाही तोच हातमोजा. मनगटाच्या बॉर्डरपासून अंगठ्याच्या पहिल्या वाढीपर्यंत किती ओळी, वाढी किती ओळींनी, हे सगळं त्याच्यावर वाचता येतं. फोटो काढून मोठा करून मोज, डोळे शिणत नाहीत. अंगठ्याच्या वाढी दुसऱ्या हाताला आरशातल्यासारख्या लागतात की नाही तेही आधी बघून घे. बऱ्याच बिनबोटांच्या हातमोज्यांत दोन्ही हात सारखेच असतात.

अंगठा: ते 15 टाके सुईवर घे. तळहाताच्या बाजूला जी फट राहते तिथे तीन टाके नव्याने उचल, पण आडव्या दोऱ्यातून सरळ उचलू नकोस, तिथेच भोकं पडतात. दोरा पिळून, म्हणजे टाक्याच्या मागच्या पायातून विण. पुढच्या फेरीत त्या तिघांतला पहिला आणि शेवटचा आपापल्या शेजाऱ्याबरोबर ‘दोन एकत्र’ करून टाक. 16 उरतील. लोकर जोडताना 15 सेमी शेपूट ठेव. तरी बारीक भोक राहिलंच तर त्या शेपटाने आतून बंद होतं.

टोपी. कृपा करून उसवू नकोस. चूक फक्त सहा टाक्यांत आहे, तर सहाच टाके खाली सोडायचे. त्या वेणीपर्यंत विणत ये. वेणीचे सहा टाके सुईवरून सोड आणि चुकलेल्या वळणाच्या खालच्या ओळीपर्यंत उतरू दे. दोन्ही बाजूंचे टाके सुईवर घट्ट आहेत, ते कुठे जात नाहीत. वेण्यांच्या आजूबाजूला सहसा उलट टाके असतात, त्यांनाही काही होत नाही. आता समोर दोऱ्यांची शिडी दिसेल. तिचा सगळ्यात खालचा दोरा आधी. दोन छोट्या दुटोकी सुयांवर ते सहा टाके त्या दोऱ्याने विण, मग त्याच्या वरचा दोरा, मग त्याच्या वरचा. चुकलेल्या वळणाशी आलीस की यावेळी दिशा बघून घे. तीन टाके पुढे धरले तर वेणी डावीकडे झुकते, मागे धरले तर उजवीकडे. वर 14 ओळी आहेत आणि वळण दर सहाला, म्हणजे वाटेत आणखी दोन वळणंही परत घ्यावी लागतील, ती विसरू नकोस. दोरे शेवटी आखूड पडल्यासारखे वाटतात. पडत नाहीत. काठाचे टाके जरा ढिले-आवळ दिसतील, सुईच्या टोकाने शेजाऱ्यांत वाटून दे, उरलेलं धुतल्यावर बसतं.

सुई फार दिवस एकाच ओळीत अडकून होती त्या ओळीचे टाके ताणलेले दिसतील. टोपी, स्कार्फ, मोजा, सगळ्यांनाच हे लागू. सुरू करण्याआधी ती एक ओळ उसवून परत विण. दोन मिनिटांचं काम आहे, पण नाही केलं तर तिथे आडवी रेघ उमटते.

मफलर. याबाबतीत मी पक्षपाती आहे. एक सुलट एक उलट चाळीस टाक्यांचा मफलर विणण्यासारखं कंटाळवाणं काम मला माहीत नाही, आणि कंटाळा हे उसवायला पुरेसं कारण आहे. पण आधी सांग, लांबी किती झालीय?

जाळीच्या स्कार्फवर उद्या लिहिते.

एकावेळीएक

दोऱ्यांबद्दलचं मान्य. अर्धा तास मात्र माझ्या बाबतीत चालतो. मला अडणीच्या जागा आवडतात, कंटाळा मधल्या सरळ भागाचा येतो. माणसागणिक वेगळं असेल.

पंजाटाच

मोज्यांपुरतं माझं ऐका. पहिल्या मोज्याचं टोक आत्ता बंद करू नका. तो सुयांवर किंवा दोऱ्यावर तसाच राहू द्या आणि दुसऱ्याचे टाके घाला. पहिला उघडा असेपर्यंत तो ‘झाला’ असं वाटत नाही. जोडीतला एक मोजा झाला की मन तिथेच समाधान मानतं आणि दुसरा कधीच होत नाही. जगभरच्या मोजे विणणाऱ्यांची ही जुनी तक्रार आहे. दुसरा टोकाशी आला की दोन्ही टोकं एकाच बैठकीत शिवा. पहिल्यावर हात बसतो, दुसऱ्यावर ते सफाईने होतं.

आधी वजन करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. पहिला मोजा सुया काढून तोला आणि उरलेली लोकर तोला. मोज्यांच्या लोकरीची 100 ग्रॅमची लडी साधारण 400 मीटर असते आणि मोठ्यांच्या मध्यम मापाच्या जोडीला बहुतेक वेळा पुरते. पण पहिल्याची मान लांब केली असेल तर सांगता येत नाही. उरलेली लोकर मोज्याच्या वजनाहून दोन-तीन ग्रॅम जास्त असली की बिनधास्त सुरू करा. कमी असेल तर दुसऱ्याची टाच आणि टोक वेगळ्या रंगात घ्या. पहिल्याचं टोक उघडंच आहे, तेही थोडं उसवून त्याच रंगात करता येईल, म्हणजे जोडी ठरवून केल्यासारखी दिसेल.

टोकाशी किती टाके उरलेत? 64 वरून कमी करत आलात तर 16 किंवा 24 असतील, निम्मे पुढच्या सुईवर, निम्मे मागच्या. ते जोडायच्या शिवणीला किचनर म्हणतात आणि लोक उगाच तिचा धसका घेतात. सुरुवातीची तयारी एकदाच: पुढच्या सुईचा पहिला टाका उलट टाक्यासारखा ओवा आणि सुईवरच ठेवा, मागच्या सुईचा पहिला टाका सुलट टाक्यासारखा ओवा आणि सुईवरच ठेवा. मग चार पावलं फिरत राहतात. पुढच्या सुईवर पहिला सुलटसारखा ओवून सोडा, दुसरा उलटसारखा ओवून ठेवा. मागच्या सुईवर पहिला उलटसारखा ओवून सोडा, दुसरा सुलटसारखा ओवून ठेवा. मी तोंडाने म्हणते: पुढे सुलट सोड, उलट ठेव, मागे उलट सोड, सुलट ठेव. मध्ये फोन वाजला तर उचलू नका. दोरा टोकाच्या रुंदीच्या चौपट तरी ठेवा, ओवताना आवळू नका, शेवटी एका टोकाकडून सुईने एकेक टाका सारखा करत या.

उलटसुलट

किचनर नको असेल तर आणखी कमी करत आठ टाक्यांवर या, त्यांतून दोरा ओवून खेचून घ्या, झालं. टोपीचा शेंडा करतो तसं. मी स्वतः तेच करते.

पंजाटाच

आठावर चालतं. 24 टाके खेचून घेतले तर आत गाठोडं होतं आणि बुटात बोटाला टोचतं. हे ज्यांना बूट घालून चालायचंय त्यांच्यासाठी.

लोकरगुंता

अरे वा, इतकं सगळं! हातमोज्यावर 5 सेमीत 11 टाके आले, म्हणजे 10 सेमीत 22. म्हणजे 4 मिमी. सुई सापडली, ती मफलरमध्येच होती.

मफलर 68 सेमी झालाय. स्कार्फ मध्यावर, मानेपासून टोकापर्यंत 38 सेमी. त्याचा 50 ग्रॅमचा गुंडा होता, उरलेला तोलला तर 20 ग्रॅम भरला. वाटलं होतं तेवढा मोठा होईल का? आणि 83-82 चं काय करू? मोहेर उसवायच्या कल्पनेनेच पोटात गोळा येतो.

मोज्याच्या टोकाशी 24 टाके आहेत. दुसऱ्याचे टाके काल घातले.

उलटसुलट

68 सेमी! मग उसवू नकोस आणि पुढे विणूही नकोस. टाके बंद कर, दोन्ही टोकं एकमेकांवर चार-पाच सेमी चढव आणि दोन-तीन मोठी बटणं लाव. एक सुलट एक उलट विणीला ताण भरपूर असतो, गळ्याशी छान बसते. बटणासाठी वेगळी घरं करायला नकोत, बटण थोडं मोठं असलं तरी ताणून टाक्यांमधून जातं. दुसऱ्या लॉटचा गुंडा सुटा राहील, त्याची टोपी कर. आणि मफलरच हवा असेल तर रंगाचा फरक लपवायला जुन्याच्या शेवटच्या दहा-बारा सेमीत दोन ओळी जुन्या गुंड्याच्या, दोन ओळी नव्याच्या अशा विणत जायच्या. पण तुझा जुना गुंडा संपलाय, म्हणजे त्यासाठी तेवढं उसवावं लागेल. मी नसतं केलं.

टाके बंद करताना मात्र विणायच्या सुईपेक्षा एक ते दीड मिमी जास्त जाड सुई घे. बॉर्डर इतकी ताणते आणि बंद केलेला काठ ताणला नाही तर तोंड आवळलेल्या पिशवीसारखं होतं. टोप्या आणि मोजे यांचंही तेच. वरून खाली विणलेल्या टोपीचा काठ किंवा पंजाकडून वर विणलेल्या मोज्याची मान घट्ट बंद केली, तर बाकी कितीही सुरेख असलं तरी ती वस्तू घातली जात नाही.

आता स्कार्फ. आधी आकाराचं बोलू. वरून वाढत जाणाऱ्या त्रिकोणात लोकर उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात लागते. निम्मा गुंडा संपतो तेव्हा स्कार्फची उंची अखेरच्या उंचीच्या सत्तर टक्क्यांवर पोचलेली असते. म्हणून लोकांना वाटतं, अर्धी लोकर आहे, अजून दुप्पट होईल. होत नाही. तुझ्या 30 ग्रॅममध्ये 38 सेमी झालंय. सगळे 50 ग्रॅम वापरलेस तर 49 सेमी. काठ बंद करायला लांब स्कार्फला बरीच लोकर जाते, पाच ग्रॅम बाजूला ठेव, म्हणजे 46 सेमीच्या आसपास थांबशील. ओल्याने ताणून वाळवलास की जाळी उघडते आणि तो आणखी वाढतो. गळ्याभोवती गुंडाळायला पुरेसा आहे, खांद्यावरून घ्यायची शाल होणार नाही. हे आत्ता कळलं ते बरं, शेवटची दोन ओळ उरलेली असताना लोकर संपण्यापेक्षा.

83-82: असा स्कार्फ बहुतेक वेळा प्रत्येक सुलट ओळीत चार टाक्यांनी वाढतो, दोन काठांना आणि दोन मधल्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना. म्हणजे प्रत्येक निम्म्यात दोनाची भर. तुझ्या एका बाजूला एक कमी आहे, तर एक जाळी (सुईवर दोरा गुंडाळून वाढवलेला टाका, त्याचंच भोक दिसतं) घ्यायची राहिलीय. काठाची किंवा मध्याची असेल तर तिथली ओळीने दिसणारी भोकं मोज, एक गळालेलं दिसेल. नक्षीतली असेल तर ‘दोन एकत्र’ दिसेल पण त्याच्या शेजारी भोक नसेल. कागदी खूण लाव तिथे.

सापडली आणि ती शेवटच्या चार ओळींत असली, तर तिच्यावरच्या त्या दोन टाक्यांमधला आडवा दोरा उचल आणि क्रोशाच्या सुईने त्याचा टाका करून वरपर्यंत आण. भोक जरा लहान होईल. मोहेरमध्ये कुणाला दिसणार नाही, तुलाही महिन्याभराने सापडणार नाही. फार खाली असेल तर आहे तिथेच सोड आणि आत्ताच्या ओळीत एक टाका वाढवून 83 कर.

कितवी ओळ, हे असं शोधायचं: कागदावरच्या नक्षीत सगळ्यात ओळखू येणारी ओळ निवड. तीन भोकं शेजारी, किंवा तीन टाके एकत्र, असं काहीतरी. ती विणीत शोध आणि तिथून वर मोज. उलट ओळी बहुधा साध्या असतात, त्यामुळे सुईवर आत्ता साधी ओळ आहे की नक्षीची, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

आणि पुढे जाण्याआधी जीवदोरा घाल. उलट बाजूची साधी ओळ पुरी झाली की शिवणसुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा घे आणि सुईवरच्या प्रत्येक टाक्यातून ओव. खुणेच्या रिंगांमधून ओवू नकोस, त्या अडकतात. मग खुशाल विण. चुकलं तर सुई काढून बेधडक ओढायचं, वीण त्या दोऱ्याशी येऊन थांबते. दर दहा-बारा ओळींनी एक नवा घालत जा. जाळीकामाची भीती निम्मी यानेच जाते. मोहेर उसवायची वेळ आलीच तर काम पिशवीत घालून तासभर फ्रीजरमध्ये ठेव, केस आवळतात आणि दोरा सुटायला सोपा जातो. हळू मात्र ओढायचं.

कपाटवाली

मध्येच बोलते, पण कुणीच म्हणालं नाही म्हणून. इतके दिवस पडून असलेल्या लोकरीला कसर लागलीय का ते आधी बघा. अर्धवट काम परत हातात घेतलं आणि दोरा जागोजाग आपोआप तुटतोय, बारीक वाळूसारखे कण पडताहेत, किंवा जाळ्यासारखं काही चिकटलंय, तर ती कसर. उडणारा पतंग लोकर खात नाही, त्याची अळी खाते. लोकर, मोहेर, अल्पाका असं प्राण्याच्या केसाचं सगळं तिला चालतं. निव्वळ ॲक्रिलिक किंवा सुती सहसा वाचतं.

संशय असेल तर पिशवी हवाबंद करून उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला आली की मगच, नाहीतर आत दव धरतं. आणि बाकीच्या पिशव्याही बघा. एकीत असेल तर शेजारणीत असतेच.

लोकरगुंता

कसर नाही, हुश्श. सगळं उन्हात पसरून बघितलं.

टोपीची वेणी झाली! 14 ओळींची शिडी बघून घाम फुटला होता, पण दोरे खरंच पुरले. दोन्ही बाजूंना टाके जरा सैल दिसताहेत.

स्कार्फची राहिलेली जाळी मध्याजवळ सापडली, तीन ओळी खाली. दोरा उचलून घेतला. जीवदोराही घातला.

दोन प्रश्न उरले. टोपी ॲक्रिलिकची आहे. ते सैल टाके बसवायला वरून इस्त्री फिरवू का? आणि ज्या लोकरीचं काहीच होणार नाही ती उसवली तर सुरकुतलेली निघते, तिचं काय करायचं?

उलटसुलट

इस्त्री नको! ॲक्रिलिकला थेट उष्णता लागली की ते कायमचं लुळं पडतं. वेण्या चपट्या होतील आणि बॉर्डरचा ताण जाईल, परत येणार नाही. जाळीच्या ॲक्रिलिक स्कार्फवर कधी मुद्दाम वाफ देतात, कारण तिथे पसरलेलंच हवं असतं. वेण्यांच्या टोपीवर नाही. कोमट पाण्यात साध्या साबणाने धू, पिळू नकोस, टॉवेलमध्ये गुंडाळून दाब आणि डोक्याच्या मापाच्या उपड्या भांड्यावर वाळव. ओली असतानाच त्या वेणीच्या कडेचे टाके सुईने सारखे कर. बॉर्डर भांड्यावर ताणून बसवू नकोस, ती खाली मोकळी राहू दे.

उसवलेल्या लोकरीचं: खुर्चीच्या पाठीवर गुंडाळत लडी कर, चार ठिकाणी सैल गाठींनी बांध, कोमट पाण्यात अर्धा तास बुडव आणि टांगून वाळव. लोकरीच्या सुरकुत्या जातात. वजन लावून ओढू नकोस. ॲक्रिलिकच्या पूर्ण जात नाहीत, पण विणताना त्याचं फारसं बिघडत नाही, फक्त टाक्यांचं माप काढायचा नमुना सुरकुतलेल्या दोऱ्यावर विणू नकोस, तो खोटं माप सांगतो.

एकावेळीएक

आणि गोल पट्टीचे दोरे?

लोकरगुंता

रविवारी बहीण येतेय. तिला एक बाजू, मला एक बाजू.

पंजाटाच

ओवताना दोरा एकाच दिशेने नेऊन कापू नका, ताणल्यावर सुटून बाहेर येतो. चार-पाच सेमी एकीकडे, मग वळून थोडं उलटीकडे, आणि त्याच रंगाच्या पट्टीत. पट्टी हाताने नीट ताणून बघा, मगच कात्री. पुढच्या वेळी पट्ट्या एक-दोन ओळींच्याच असतील तर दोरा कापूच नका, आतून वर नेत जा.

दुसरा मोजा कुठवर आला?

लोकरगुंता

टाच वळली. पहिल्याहून दोन ओळी जास्त झाल्या होत्या, तेवढ्या उसवल्या. काट्यावर लोकर तीन ग्रॅम जास्त भरतेय, त्यामुळे टोकं त्याच रंगात होतील.